पारंपरिक भरतकाम गटात शिकावे की घरी? ठाणे आणि नवी मुंबईतील अनुभव हवे आहेत

नौपाडाकर :
नमस्कार. अलीकडे ठाण्यात आणि नवी मुंबईत हाताच्या भरतकामाच्या कार्यशाळांना चांगले दिवस आले आहेत. घोडबंदर रोडवरील सोसायट्यांची क्लबहाउसे, नौपाड्यातील लहान सभागृहे, वाशी-नेरुळकडची कॅफे, जिकडे पाहावे तिकडे एखादी जाहिरात असतेच. कुठे एका दुपारी कांथा, कुठे दोन तासांत चिकनकारी, तर कुठे क्रोशे, मॅक्रमे आणि भरतकाम अशी तिन्ही एकाच शनिवारी शिकवण्याचे आश्वासन दिलेले असते.

शाळेच्या शिवणकामाच्या तासाला शिकलेले साखळी टाका, उलटी टीप आणि काजाचा टाका मला अजून येतात. त्यापुढे जाऊन कोणती तरी एक पारंपरिक कशिदाकारी तिच्या रीतीप्रमाणे शिकावी, अशी मनापासून इच्छा आहे. अशा कार्यशाळांतून खरोखर हाताला वळण लागते का, की चार तास आनंदात घालवून आपण तयार संच घेऊन घरी येतो? सुरुवात कोणत्या प्रकाराने करावी? आणि कार्यशाळा निवडताना शिकवणाऱ्यांना नेमके काय विचारावे?

ऐरोलीकर :
माझे मत स्पष्ट आहे. सगळे टाके व्हिडिओवर उपलब्ध आहेत, हवे तितक्या वेळा मागे नेऊन पाहता येतात, आणि कार्यशाळेच्या शुल्कात वर्षभराचे दोरे येतात. मी साखळी, गाठीचा टाका आणि भरीव टाका असेच शिकले आणि त्यात मला काही उणे जाणवले नाही.

काळी_चंद्रकळा :
ऐरोलीकर, सुटे टाके व्हिडिओवरून येतात हे मान्य आहे. परंतु नौपाडाकरांनी एखादी संपूर्ण कशिदाकारी शिकायची आहे असे लिहिले आहे, आणि ती गोष्ट निराळी आहे. माझे माहेर धारवाडकडचे असल्यामुळे कसुतीविषयी थोडे विस्ताराने लिहिते. आपल्याकडे तिला कर्नाटकी कशिदा म्हणतात आणि जुन्या मराठी घरांतून तिची ओळखही आहे.

कसुतीत कापडावर आधी काहीही छापलेले किंवा काढलेले नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत नक्षी उभी करायची असते. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांपैकी गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी दिसली पाहिजे, आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंतीत आपण धावदोरा घालत पुढे जातो आणि येताना त्याच वाटेने मोकळ्या राहिलेल्या जागा भरत परत येतो. सरळ रेषेत हे सोपे आहे. पण गोपुर, म्हणजे देवळाच्या शिखराची नक्षी, काढायचे असेल, तर मुख्य रेषेवरून फुटणारी प्रत्येक लहान फांदी जाऊन-येऊन पूर्ण करत पुढे सरकावे लागते. एखादी फांदी विसरली, तर परतीच्या वाटेवर तिथे सुई पोहोचतच नाही, आणि पोहोचवायला गेले तर मागच्या बाजूला आडवा धागा दिसतो.

हा मार्ग ठरवण्याचा विचार माझ्या आत्या आमच्याकडून मोठ्याने बोलून घेत असत. चार मुली गोल बसलेल्या असत आणि प्रत्येकीने आपल्या तुळशी वृंदावनाचा मार्ग सुई लावण्यापूर्वी बोटाने कापडावर फिरवून दाखवायचा, असा नियम होता. दुसरीचा मार्ग कुठे अडला हे पाहताना स्वतःचा आपोआप सुधारत असे. व्हिडिओत आपल्याला शिकवणाऱ्याचा बरोबर मार्ग दिसतो, पण आपला मार्ग कुठे अडणार आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून कसुतीसाठी तरी मी गटाच्याच बाजूने आहे.

ऐरोलीकर :
हा मुद्दा पटला. मी केलेले सगळे काम छापलेल्या नक्षीवरचे आहे, त्यामुळे मार्ग ठरवण्याचा प्रश्नच आला नव्हता. तरीही मुळाक्षरे शिकण्यासाठी शुल्क भरावे, असे मला वाटत नाही.

डावखुरी :
गटाच्या बाजूने माझाही एक मुद्दा. मी डाव्या हाताने सुई धरते. बहुतेक ठिकाणी शिकवणारी व्यक्ती शेजारी बसून दाखवते आणि त्यामुळे मला सगळे उलटे करून समजून घ्यावे लागते. नेरुळच्या एका वर्गातील बाईंनी मला पहिल्याच दिवशी स्वतःच्या समोर बसवले आणि आरशात पाहतो तसे हात चालवायला सांगितले. देठ टाका, जो पूर्वी माझा सदैव उलट्या पिळाचा येत असे, तो तेव्हापासून नीट दोरखंडासारखा बसू लागला. डावखुऱ्यांनी नाव नोंदवतानाच हे सांगावे, आणि सांगितल्यावर समोरून काय उत्तर येते, त्यावरून वर्गाची पारख करावी.

धागेदोरे :
मी ठाण्यात काही वर्षे भरतकाम शिकवते आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही लिहिणे माझे कर्तव्य आहे.

एका दुपारच्या कार्यशाळेला मी वाईट म्हणणार नाही. सुई हातात न धरलेल्या व्यक्तीला सहा पदरी लडीतून दोन पदर कसे काढावेत, रिंग किती ताणावी, सुई कोणती घ्यावी, एवढे जरी तीन तासांत कळले तरी तो दिवस सार्थकी लागतो. दोऱ्याचेच उदाहरण घ्या. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांची लडी आठ मीटरची असते. नवशिक्या हात भरून लांब दोरा घेतात आणि मग तो पिळून त्याचा गुंता होतो. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, एवढाच दोरा कापावा. दोन पदर एकदम ओढून काढू नयेत. एकेक पदर स्वतंत्र काढून मग पुन्हा जुळवावेत, म्हणजे ते शेजारी-शेजारी सपाट बसतात. काम करताना अधूनमधून सुई मोकळी खाली लोंबकळू द्यावी, की चढलेला पीळ आपला आपण उतरतो. या गोष्टी पुस्तकात एका ओळीच्या आहेत, परंतु शेजारी बसलेल्या माणसाने योग्य क्षणी हात धरून सांगितल्यावरच त्या अंगवळणी पडतात.

माझा आक्षेप आहे तो नावाला. दोन तासांत चिकनकारी, असे म्हणू नये. लखनौच्या चिकनला डिसेंबर २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्यामागच्या संपूर्ण कामाला मिळाले. आधी लाकडी ठशाने धुऊन जाणाऱ्या रंगात नक्षी छापतात, मग टेपची, बखिया, फंदा, मुर्री असे टाके पडतात, आणि जाळी तर कापडाचा एकही धागा न कापता, सुईने धागे बाजूला सारून आवळत केलेली असते. तिथेही एकच बाई सगळे टाके करते असे नाही, जाळीचे हात वेगळे आणि मुर्रीचे वेगळे असतात. आपण दोन तासांत मलमलीवर बखियाची चार पाने भरू शकतो. मग बखियाची ओळख, एवढेच जाहिरातीत लिहावे. शिकणाऱ्यांचा मान त्याने वाढतो आणि लखनौच्या कारागिरांचाही.

एका शिक्षकामागे सात-आठांहून अधिक जण असतील, तर तिथे हात पाहिला जात नाही, हेही नोंदवते. आणि निवडताना एकच गोष्ट मागावी : शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या कामाची मागची बाजू दाखवा, असे नम्रपणे सांगावे.

घोडबंदरवासी :
मागच्या बाजूच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

आमच्या भागात मात्र आरी वर्कचे वर्ग सर्वांत जास्त आहेत. लग्नाच्या ब्लाउजांना मागणी असल्यामुळे अनेक गृहिणींनी त्यावर घर उभे केले आहे. इथे कोणी त्याचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिले.

धागेदोरे :
उल्लेख राहून गेला हे खरे. आरी हेही पारंपरिकच काम आहे. कच्छमधील मोची समाजाने चामड्यावर चालणारी आरी रेशमी कापडावर आणली आणि तिच्या साखळी टाक्याने दरबारी वस्त्रे भरली. अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून, दोरा खालून धरून, आकड्याने वर ओढायचा असतो. वेग येतो, पण अड्ड्याला जागा लागते आणि सुरुवातीचे काही आठवडे साखळी तुटत राहते. रोजगार हा हेतू असेल, तर आरी जरूर शिकावी आणि ती दीर्घ मुदतीच्या वर्गातच शिकावी.

रणकाठ :
मी वाशीला राहतो, घरी कच्छी आणि बाहेर मराठी. कच्छचा विषय निघाला म्हणून थोडे सांगतो. कच्छी वर्क या एकाच नावाखाली आपल्याकडे गोल आरसे बसवलेले काहीही विकले आणि शिकवले जाते. प्रत्यक्षात रबारी, आहिर, मुतवा, सोढा, मेघवाळ अशा प्रत्येक समाजाची भरत निराळी आहे आणि जाणता माणूस घागऱ्याच्या एका पट्ट्यावरून ती ओळखतो. सूफ भरत घ्या. तिच्यात आरसा हा मुख्य नसतोच. कापडाचे धागे मोजून, मागच्या बाजूने, त्रिकोणामागून त्रिकोण भरत जातात आणि पुढे काय उमटते आहे हे करणारीला पाठमोरेच ठाऊक असते. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानातील थरपारकरमधून जी कुटुंबे कच्छमध्ये आली, त्यांच्या स्त्रियांनी हे काम सोबत आणले.

त्याआधी, १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी कच्छमध्ये श्रुजन ही भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना काम देणारी संस्था सुरू केली. मदत फुकट घेणे गावांतील स्त्रियांना रुचत नव्हते, पण भरतकामाचा मोबदला त्यांनी मानाने घेतला. आज अजरखपूर येथे त्याच परंपरेतील संग्रहालय आहे आणि तिथे वेगवेगळ्या समाजांची भरत शेजारी-शेजारी पाहता येते. माझी सर्वांना विनंती एवढीच आहे की, कार्यशाळा कच्छी भरतकामाची असेल, तर कोणत्या समाजाची भरत शिकवणार, हे विचारावे. उत्तर मिळाले तर शिक्षक जाणकार आहेत. शक्य असेल तेव्हा कारागिरांकडूनच शिकावे. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलांची प्रदर्शने भरतात, तिथे गर्दी नसलेल्या वेळी जाऊन आदराने विचारले, तर बरेच कारागीर काम करून दाखवतात. मात्र तासभर शिकून, फोटो काढून, काहीही न घेता निघून येऊ नये.

वाकळ :
इतक्या लांबच्या परंपरांची चर्चा चालली आहे, ती मी आवडीने वाचते आहे. पण आपल्या घरातील गोधडीचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, याची खंत वाटते.

बंगालच्या कांथ्यासाठी लोक शुल्क भरतात, आणि ते भरावेच. जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि काठातून काढलेले दोरे वापरून त्या स्त्रियांनी धावदोऱ्याचे जे केले आहे, त्याला तोड नाही. पण आपली वाकळही जुन्या नऊवारीचे थर आणि धावदोरा यांवरच उभी आहे. कळव्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही काही जणी हिवाळ्यात गोधडी घालतो. आधी सगळे थर जमिनीवर अंथरून, हाताने मधून कडेकडे सारत सुरकुत्या काढायच्या, मग मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे, आणि त्यानंतर कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचे. चौघी चार बाजूंना बसतात. प्रत्येकीचा टाका निराळा पडतो. आमच्यातील थोरल्या काकू मध्येच उठून सर्वांच्या बाजूने हात फिरवतात आणि कुणाचा टाका आवळला गेला आहे हे न पाहता सांगतात, कारण तिथे गोधडी ताठ लागते.

आजची अडचण अशी की, घराघरांत आता सुती साड्या कमी आणि कृत्रिम धाग्याच्या जास्त आहेत. त्या थरांत घातल्या की घसरतात आणि सुईला जड जातात. म्हणून वरचा आणि खालचा थर तरी सुती असावा. नौपाडाकर, सुरुवात कशाने करावी असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर गोधडी हे आहे. धावदोरा एकसारखा पडू लागला की कांथा, कसुती, काहीही हाती घ्या.

काळी_चंद्रकळा :
वाकळ, तुमचे म्हणणे मला मनापासून पटले. गवंतीसुद्धा शेवटी जाऊन-येऊन घातलेला धावदोराच आहे.

पाटीपेन्सिल :
एक व्यावहारिक शंका. चंद्रकळेसारख्या काळ्या कापडावर धागे मोजायचे, तर चाळिशीनंतर ते जमते का? जवळचे दिसणे कमी झाल्यापासून माझे मोजकामाचे धाडस होत नाही. आणि रंग जाण्याचे काय? कार्यशाळेत केलेला लाल दोऱ्याचा रुमाल पहिल्याच धुण्यात गुलाबी झाला आणि आयोजकांना कळवले, तर काहीच उत्तर आले नाही.

काळी_चंद्रकळा :
जमते, पण काही पथ्ये पाळावी लागतात. काळ्या कापडावरचे काम दिवसाच्या उजेडात करावे आणि मांडीवर, म्हणजे कापडाच्या खाली, पांढरा पंचा पसरावा. धाग्यांमधील छिद्रांतून पांढरे दिसू लागते आणि मोजणे एकदम सोपे होते. भिंग लावलेला दिवा मिळतो, तोही उपयोगी आहे. शिकताना मात्र काळ्या साडीला हातच लावू नये. पांढऱ्या किंवा फिकट मॅटीवर शिकावे, तिच्यात चौकडी आपसूक दिसते. हल्ली रेशमी साड्यांवर कसुती करतात, तिथे धागे मोजता येत नाहीत. म्हणून वर जाळीचे कापड टाचून त्यावर काम करतात आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. तुम्हालाही तो उपाय करता येईल.

धागेदोरे :
रंगाबद्दल सांगते. लाल, काळा, गडद निळा आणि किरमिजी हे दोरे वापरण्यापूर्वी तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यात दाबून पाहावा. डाग उमटला, तर तो दोरा धुवायच्या वस्तूवर वापरू नये. कामावर रंग उतरलाच, तर ते वाळू देऊ नये. थंड पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहून, रंग येणे थांबेपर्यंत खळबळावे, कारण एकदा सुकला की तो डाग पक्का होतो. सुती कापडही काम सुरू करण्यापूर्वी एकदा धुऊन, इस्त्री करून घ्यावे, नाहीतर कापड आटते आणि भरलेला भाग फुगतो. संचातील दोरा कोणत्या प्रतीचा आहे आणि त्याचा रंग पक्का आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता, आणि आयोजकांनी उत्तर द्यायला हवे होते.

ऐरोलीकर :
साहित्य कुठून घ्यावे, हेही कोणी लिहावे. संच महाग पडतात.

घोडबंदरवासी :
दोरे, सुया आणि मॅटी गोखले रोड आणि जांभळी नाक्याच्या आसपास मिळतात. कापड जास्त हवे असेल, तर मुंबईला मंगलदास मार्केट आणि लेस-टिकल्यांसाठी भुलेश्वर. सुई घेताना आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे ध्यानात ठेवावे. मोजकामाला बोथट टोकाची सुई घ्यावी, ती धागा फाडत नाही.

कोपरखैरणेकर :
मी पुरुष आहे आणि मला शिकायचे आहे. दोन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा फक्त महिलांसाठी असे उत्तर मिळाले. हा अनुभव इतरांनाही आहे का?

रणकाठ :
आहे, आणि तो बदलायला हवा. अड्ड्यावर जरदोजी, म्हणजे जरीचे भरतकाम, आणि आरी करणारे कितीतरी उत्तम कारागीर पुरुष आहेत. पुन्हा चौकशी करा, आणि मिळाले नाही तर मला संदेश पाठवा. वाशीत आम्ही तिघे-चौघे एकत्र बसतो.

धागेदोरे :
माझ्या वर्गात सर्वांना प्रवेश आहे.

नौपाडाकर :
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण आता माझे उत्तर बरेचसे स्पष्ट झाले आहे.

मधल्या काळात मी दोन ठिकाणी जाऊन पाहिले. एका ठिकाणी मोठ्या टेबलाभोवती खूप जण होते, प्रत्येकापुढे छापलेला कापडाचा गोल, मोजून कापलेले दोरे आणि शेवटी चौकटीत लावायची सोय होती. वातावरण आनंदाचे होते. नक्षीला कसुती म्हटले होते, पण ती छापलेली होती आणि सुरुवात गाठ मारून होत होती. मी मागची बाजू दाखवण्याची विनंती केली, तेव्हा मागे अस्तर लावायचेच आहे, असे सांगण्यात आले. नेरुळला दुसरा वर्ग एका बाईंच्या घरी चालतो. तिथे सहा जणी होत्या. बाईंनी न विचारता स्वतःचे झबले उलटे करून पुढे ठेवले आणि कोणती बाजू सुलट आहे ते ओळखायला सांगितले. मला ओळखता आले नाही. पहिला महिना फक्त मॅटीवर गवंती, नक्षी दुसऱ्या महिन्यापासून, आणि साहित्य ज्याचे त्याने आणायचे, असे तिथले नियम आहेत. ठाण्याहून थेट लोकल असल्यामुळे जाणेही सोयीचे आहे.

मी तिथे नाव घातले आहे. पण वाकळ यांचा सल्लाही मोडवत नाही. कळव्याच्या गच्चीवर बाहेरच्या कोणाला बसू देता का?

वाकळ :
अवश्य या. सुती साडी असेल तर एक घेऊन या, नसेल तर आमच्याकडे आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला कच्चे टाके देऊ. उन्हे उतरल्यावर चार वाजता बसतो.

डावखुरी :
नौपाडाकर, नेरुळच्या त्या बाई बहुधा माझ्याच आहेत. झबल्याचा प्रश्न त्या प्रत्येकीला विचारतात.

काळी_चंद्रकळा :
मॅटी १४ चौकडीची घ्या, म्हणजे इंचाला १४ घरे येतात आणि ७० घरांचे गोपुर बरोबर ५ इंचांत बसते. सुरुवातीला गाठीऐवजी दोऱ्याचे शेपूट बोटभर मोकळे सोडा आणि परतीच्या टाक्यांत ते दाबून घ्या. पहिली ओळ झाली की दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, मार्ग कुठे अडला ते मिळून पाहू.